रेघेवरचा पाय

मैदानावर चुना टाकायचं काम देवराव गजभिये कुणालाही करू देत नसत. खुंट्या ठोकायला, सुतळी ताणायला मुली चालायच्या, पण तळाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा एकदा हातात आला की तो त्यांचाच. बॅट घेणारी जिथे उभी राहते तो चौकोन आखताना तर ते श्वाससुद्धा बेताने घेत. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावरच्या केसांनी आवरतं घेतलेला शाळेतला पी.टी.चा मास्तर डिसेंबरच्या थंडीत दोन्ही गुडघे टेकून जमिनीला फुंकर घालतोय, हे पाहून नवख्या माणसाला हसू यायचं. हसणाऱ्याला देवराव हसू देत. रेघ चोख पडली पाहिजे, बाकी जगाला काय करायचं ते करो, असा त्यांचा खाक्या होता.

खेळ सॉफ्टबॉलचा. बेसबॉलची ही धाकटी बहीण. नियम बरेचसे तेच, चेंडू मात्र मोठा आणि हात खालून फिरवून टाकायचा. त्र्याऐंशी सालचा तो हिवाळा. आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकून काही महिनेच झाले होते आणि शेंबडं पोरसुद्धा चौकात उभं राहून फलंदाजीवर मत देत होतं. अशा दिवसांत पोरींना सॉफ्टबॉल शिकवणारा माणूस म्हणजे लोकांच्या लेखी थोडा सटकलेलाच. तरी नागपुरात हळूहळू या खेळाचे क्लब निघाले, सामने होऊ लागले, आणि नियमात कुठे अडलं की सगळे इंदोऱ्यात देवरावांच्या घरी यायचे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते देवरावांना तोंडपाठ होतं.

बॅट घेणारीने कुठे उभं राहायचं, याचा नियम तसा साधा. जमिनीवर चुन्याचा चौकोन असतो, तिने त्यात राहायचं. पाय चौकोनाच्या रेघेच्या पूर्ण बाहेर टेकलेला असताना चेंडू मारला, तर ती आउट. पुस्तकात होतं ते एवढंच. देवरावांनी मात्र सगळ्या क्लबांना शिकवताना त्याचा अर्थ असा लावून दिला होता की पाय रेघेला लागला की आउट. पुस्तक जे म्हणत होतं आणि देवराव जे सांगत होते त्यात एका रेघेचा फरक होता, आणि तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. येणार तरी कसा? नागपूरचा जो तो क्रिकेटवर पोसलेला. क्रिकेटमध्ये रेघ अंपायरची असते, रेघेवर राहिला तो आउटच, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. तेव्हा देवरावांचा अर्थ सगळ्यांना बरोबरच वाटला, आणि अख्खं शहर त्या अर्थाने बिनबोभाट खेळत राहिलं.

आपल्या इंदोऱ्याच्या क्लबातल्या पोरींना तर ते त्याहून जास्त सांगत. रेघेपासून चार बोटं मागे राहा, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नको. ही चार बोटं त्यांच्या बोलण्यात उठता-बसता यायची. अंगणात खाट टाकायची झाली तरी शेजाऱ्याच्या हद्दीपासून चार बोटं मागे. इंदूबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की या माणसाने आयुष्यभर मागे सरकून सरकून अर्धं अंगण शेजाऱ्याला देऊन टाकलं.

आता देवरावांजवळ दुनियेला दाखवण्यासारखं काय होतं म्हणाल, तर एक नाव होतं. गजभिये सर कुणाकडे झुकत नाहीत, असं लोक म्हणायचे. कामठीपासून उमरेडपर्यंत कुठेही सामना असला आणि अंपायर म्हणून ते उभे राहिले, की हरणारा संघही कुरकुर न करता घरी जायचा. हे नाव त्यांनी सुखासुखी मिळवलेलं नव्हतं. आपल्यासारख्या वस्तीतला माणूस हातात निर्णय घेऊन उभा राहिला, की 'आपल्या लोकांकडे झुकला' असं म्हणायला काहीजण टपूनच बसलेले असतात, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं होतं. म्हणून ते उलट्या बाजूला झुकत. शंका असली तर निर्णय इंदोऱ्याच्या पोरींच्या विरुद्ध. पोरी रडायच्या, चिडायच्या, मग गप्प बसायच्या. देवरावांना त्याचं वाईट वाटत नसे असं नाही, पण नाव जपायचं तर एवढं सोसावं लागतं असं त्यांनी मनाला पटवलं होतं. सोसत होत्या पोरी, ही गोष्ट वेगळी.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला नेमका पेच आला. एका बाजूला लकडगंजचा संघ, दुसऱ्या बाजूला इंदोऱ्याचा, आणि इंदोऱ्याची कॅप्टन म्हणजे देवरावांची धाकटी लेक जया. कामठीहून एक अंपायर यायचे होते, त्यांनी ताप आल्याचा निरोप धाडला. संघटनेचे सेक्रेटरी महादेवराव डोक्याला हात लावून बसले. तेव्हा लकडगंजचे कोच रुपराव आपणहून म्हणाले की गजभिये सर उभे राहत असतील तर आमची काही हरकत नाही, पोरीला काय अन् परक्याला काय, ते सारखाच न्याय देतील. असं भर बैठकीत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? देवरावांनी मान डोलावली, आणि खरं सांगायचं तर त्यांची छाती थोडी फुगलीही.

इंदूबाईला हे पटलं नव्हतं. सकाळी चहाची कपबशी पुढे ठेवताना ती म्हणाली, "तुमी दुसऱ्या कोनाले काहून नाही उभं करत? पोरीच्या मॅचीत बापानं उभं राहावं काय?" देवराव म्हणाले की लोकांचा भरवसा आहे. त्यावर ती म्हणाली, "लोकायचा हाय. पोरीचा हाय का नाही, ते कोनी इचारलं?" देवरावांनी बशीतला चहा संपवला आणि सायकलला चुन्याची पिशवी अडकवली. बायकोच्या प्रश्नाला उत्तर नसलं की सायकलला काहीतरी अडकवायचं, ही त्यांची जुनी युक्ती होती.

मैदान लकडगंजात, आरागिरण्यांच्या मागे. कुंपणाच्या भिंतीपलीकडे सागाचे ओंडके रचलेले आणि हवेत ओल्या भुशाचा वास. मैदानावर जयाने त्यांना बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हे घरीच ठरलेलं होतं. ती पोरगी बापासारखीच. ठरलं म्हणजे ठरलं. टॉस उडवायला आली तेव्हाही तिने नजर त्यांच्या शर्टाच्या बटणावर ठेवली होती.

सामना चुरशीचा झाला, आणि त्याचं कारण प्रेमिला. लकडगंजची ही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि कॅप्टनही. उंच, सावळी, अबोल. तिचा चेंडू सरळ यायचा आणि बॅटीपाशी पोचता पोचता धपकन खाली बसायचा. इंदोऱ्याच्या पोरी नेहमीच्या सवयीने रेघेपासून मागे राहून बॅट फिरवत, तोवर चेंडू बॅटीखालून कॅचरच्या हातात गेलेला असे. एकामागून एक पोरी हात हलवत परत आल्या. जया बाकावर बसून प्रेमिलाचा हात बघत होती. तिला जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं, पण चार बोटं मागे राहायची शिस्त अंगात मुरलेल्या माणसाला ते सुचत नाही. चेंडू खाली बसायच्या आधी गाठायचा असेल, तर पुढे जाऊन उभं राहायला पाहिजे. चौकोनाच्या अगदी पुढच्या कडेला.

शेवटचा डाव आला तेव्हा इंदोरा एका धावेने मागे होता. एक पोरगी आउट झालेली, एक दुसऱ्या बेसवर, धावेच्या अर्ध्या वाटेवर, उभी. जया बॅट घेऊन आली. देवराव कॅचरच्या मागे वाकून, तोंडावर जाळीचा मास्क चढवून उभे. जया रोजच्या जागी उभी राहिली नाही. ती चौकोनाच्या पुढच्या भागात गेली. देवरावांच्या कपाळावर मास्कमध्ये आठी पडली, पण अंपायरने बॅट घेणारीला शिकवायचं नसतं.

प्रेमिलाचा हात फिरला. जयाने डावा पाय पुढे टाकला, आणि चेंडू खाली बसायच्या आतच बॅट त्याच्यावर बसली. आवाजच असा झाला की बाकावरच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. चेंडू वर गेला, भिंतीवरून गेला आणि पलीकडे ओंडक्यांत जाऊन पडला. असा चेंडू भिंतीपार गेला की मारणारी आणि बेसवरची, दोघींच्याही धावा मिळतात. सामना जिंकल्यात जमा. इंदोऱ्याच्या पोरी नाचत सुटल्या.

देवरावांनी चेंडू पाहिलाच नव्हता. ते जमिनीकडे पाहत होते. त्यांनी मास्क वर केला, उजवा हात उचलला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की बॅटर आउट, पाय रेघेवर.

नाचणाऱ्या पोरी होत्या तिथेच थबकल्या.  मग लकडगंजच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या निर्णयाला नव्हत्या, माणसाला होत्या. पोटच्या पोरीला, जिंकून देणाऱ्या फटक्यावर आउट देणारा बाप त्यांनी कधी पाहिला नव्हता. महादेवरावही टेबलामागे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रुपराव मैदानात येऊन म्हणाले की मानलं तुम्हाला गजभिये सर, असा अंपायर नागपुरात दुसरा नाही. खोटं कशाला सांगा, देवरावांना ती वाहवा फार गोड लागली. इतकी वर्षं जे जपलं त्याचं आज चीज झालं असं त्यांना वाटलं. लेकीच्या तोंडाकडे पाहायचं मात्र त्यांनी टाळलं.

जया बेसवरून चालत परत आली. रडली नाही, पायही आपटले नाहीत. पडलेली बॅट उचलून तिने बाजूला ठेवली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, मी कॅप्टन म्हणून प्रोटेस्ट करून राहिली," ती म्हणाली.

देवरावांच्या सामन्यात आजवर कुणी प्रोटेस्ट केलेला नव्हता. रागापेक्षा त्यांना अचंबाच वाटला. ते तिला शांतपणे म्हणाले की पाय कुठे होता हा अंपायरच्या नजरेचा निर्णय असतो, त्याच्यावर तक्रार चालत नाही, हे कॅप्टनला ठाऊक पाहिजे.

"नजरेवर नाही सर. पाय कुठं होता ते तुमी म्हनाल तेच खरं. माझा प्रोटेस्ट नियमावर आहे. पुढचा बॉल पडाच्या आत करता येते."

ते तर बरोबर होतं. तेही त्यांनीच शिकवलं होतं. नजर अंपायरची, पण नियम पुस्तकाचा. अंपायरने नियमाचा अर्थ चुकवला तर पुढचा चेंडू पडायच्या आत कॅप्टनने हटकावं आणि अंपायरने सुधारावं. पुढचा चेंडू पडला की मग ब्रह्मदेव आला तरी फरक पडत नाही. तेव्हा देवरावांनी ऐकून घ्यायचं ठरवलं. रुपराव आणि महादेवराव दोघेही जवळ आले होते. देवराव खाली वाकले आणि सगळ्यांना दिसेल असं बोटाने दाखवलं. चौकोनाच्या पुढच्या रेघेवर, पांढऱ्या चुन्यात, जयाच्या कॅनव्हासच्या बुटाच्या पुढच्या भागाचा ठसा स्वच्छ उमटला होता. टाचेकडचा भाग आत मातीत, चवडा चुन्यावर. रेघेच्या पलीकडची माती तशीच्या तशी, कुणी न तुडवलेली. त्यांची रेघच इतकी चोख होती की त्या ठशाबद्दल दुमत व्हायला वावच नव्हता.

"दिसलं? रेघेवर आहे," देवराव म्हणाले.

"रेघेवर आहे," जया म्हणाली. "रेघेच्या बाहेर आहे काय?"

"बाहेर नाही. रेघेवर आहे."

"मंग सर, पुस्तकात 'रेघेच्या पूर्ण बाहेर' असं काहून लिहिलं आहे?"

देवरावांनी पुन्हा ठशाकडे पाहिलं. ते वाक्य त्यांना पाठ होतं. शेकडो वेळा त्यांनी ते मोठ्याने म्हटलं होतं. आता मनातल्या मनात पुन्हा म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते ऐकलं. पूर्ण बाहेर. म्हणजे रेघ ओलांडून. म्हणजे जोवर पायाचा एक भाग चुन्यावर आहे तोवर ती बाहेर नाही. रेघ चौकोनाचाच भाग. रेघ बॅट घेणारीची. पुस्तकाने कुठलीही पळवाट ठेवलेली नव्हती. इतकं साधं वाक्य, आणि आपण ते उलटं वाचत आलो. 

वाचायला चुकले असते तर एक वेळ ठीक होतं. पण देवराव वाचण्यात चुकणाऱ्यांतले नव्हते, आणि आपण कुठे चुकलो हे त्यांना त्या ठशाकडे बघताना कळलं. उमरेडजवळच्या त्यांच्या गावी शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. खोलीत गावची पोरं बसायची, ओसरीवर देवरावांच्या वस्तीतली. मध्ये मास्तरांनी चुन्याची रेघ ओढून ठेवली होती, आणि पुसट झाली की ती नव्याने ओढली जायची. ओसरीवरून फळा अर्धाच दिसे. एकदा आत नकाशा टांगला होता. निळानिळा समुद्र बघायला देवराव पुढे सरकला आणि त्याच्या पायाचा अंगठा रेघेला लागला. मास्तरांनी त्याच्या तळव्यावर छड्या ओढल्या. पाय आत गेला नव्हता, रेघेवर होता, असं पोरगं रडत सांगत होतं, तेव्हा मास्तर म्हणाले की रेघ तुझी नाही. पुढे देवरावांच्या बापाने गाव सोडून नागपूरची गिरणी धरली, छप्पन्न साली बाप-लेकाने दीक्षा घेतली, ती शाळा मागे राहिली, मास्तरही गेले. पण रेघ आखणाऱ्याची असते, आणि शहाण्याने तिच्यापासून चार बोटं मागे राहावं, हे तळव्यांतून डोक्यात गेलेलं कधी निघालंच नाही. नियमाच्या पुस्तकात त्यांनी तेच वाचलं. आणि हातात चुन्याचा डबा आल्यावर पोरींना तेच शिकवलं. आपण आपल्या लेकीच्या पायावर त्या मास्तरांची छडी ओढली, हे त्यांना लख्ख दिसलं.

महादेवरावांना त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. माणूस वाईट नव्हता, सामना निर्वेध पार पाडणं एवढीच त्यांची धडपड. देवरावांना बाजूला घेऊन ते कानात म्हणाले की सर, आता उगाच घोळ नको. लोक खूश आहेत. चेंडू लागला तेव्हा पाय पलीकडे होता, हा ठसा नंतरचा आहे म्हणा आणि मोकळे व्हा. नजरेच्या निर्णयाला कोण विचारतं?

हे अगदी खरं होतं. एक पाऊल टाकलं असतं तर तो ठसा देवरावांच्या बुटाखाली मिटला असता. पाय पलीकडे होता एवढंच म्हणायचं. लेक काही बोलली नसती. सरांची नजर तिने आधीच मान्य करून टाकली होती. नाव राहिलं असतं, उलट आजच्या सामन्याने ते दुपटीने वाढलं असतं. आणि निर्णय फिरवला तर? तर उद्या सकाळी चहाच्या टपरीवर काय बोललं जाईल ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होतं. वीस-बावीस वर्षांची कमाई त्या एका फिरवण्यात जाणार होती, आणि ती परत मिळवायला आता वय राहिलं नव्हतं. देवरावांना भीती वाटली. 

त्यांनी जयाकडे पाहिलं. ती अजून त्यांच्या शर्टाच्या बटणाकडेच बघत होती. तिने विनवणी केली नाही, हट्ट केला नाही, बाबा म्हटलं नाही. आपलं म्हणणं मांडून ती नुसती उभी होती, आणि उत्तर काय येईल ते जणू तिला आधीच माहीत होतं. आजवर शंकेचा प्रत्येक निर्णय तिच्या विरुद्धच गेला होता. पोरीचा भरवसा आहे का, हा इंदूबाईचा सकाळचा प्रश्न देवरावांना आठवला.

ते चौकोनाजवळ परत गेले. ठशाला वळसा घालून उभे राहिले आणि हात वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला नाही.

"पाय रेघेवर आहे. रेघ चौकोनातच धरतात. नियमाचा अर्थ मी चुकीचा लावला, आजच नाही, आजपर्यंत. बॅटर आउट नाही. दोन्ही धावा मंजूर."

मग जे व्हायचं तेच झालं. लकडगंजच्या बाजूने आधी कुजबुज, मग हसणं, मग उघड बोलणं. शेवटी पोरगीच ना, कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने विचारलं की आउट देताना नियम पाठ होता, पोरगी समोर येऊन उभी राहिल्यावर कसा विसरला? मघाशी टाळ्या वाजवणारे हात आता कमरेवर गेले होते. महादेवराव टेबलामागे जाऊन कागद चाळायला लागले. रुपराव पुढे आले. त्यांचा संताप खोटा नव्हता. त्यांनीच तर भर बैठकीत या माणसाची हमी घेतली होती.

"मी तुमच्या नावावर उभा होतो सर," ते म्हणाले. "आज समजलं. घर सगळ्यायले प्यारं असते."

देवरावांनी ऐकून घेतलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ज्याला पटायचं नाही त्याला ते सबबीसारखंच लागलं असतं. रुपराव लेखी तक्रार देणार म्हणून महादेवरावांकडे कागद मागत होते. इंदोऱ्याच्या पोरी जिंकल्या होत्या, पण नाचावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मैदानात असा अवघडलेपणा पसरला की कप घ्यायला पुढे जायचं कुणाच्या मनात येईना.

तेवढ्यात प्रेमिला पिचरच्या जागेवरून चालत आली. हातमोजा काखेत धरलेला. ती चौकोनापाशी थांबली, वाकली, आणि चुन्यातला तो ठसा तिने बराच वेळ पाहिला. मग देवरावांकडे मान वर केली.

"सर, मागच्या साली कामठीले तुमी मले आउट देलं होतं," ती म्हणाली. "असाच पाय होता. आमी त्या मॅचीत हारलो."

देवरावांना ती मॅच आठवली. आठवत नाही म्हणता आलं असतं. कामठीच्या त्या मैदानावर हीच उंच पोरगी, अशीच रेघेवर, आणि त्यांचा असाच वर गेलेला हात. तेव्हा ती काही न बोलता निघून गेली होती, आणि रात्री जेवताना देवरावांनी घरी तिच्या शिस्तीचं कौतुक केलं होतं. रुपरावांच्या बोलण्याने झाली नव्हती एवढी शरम त्यांना आता वाटली. जयाला तिचं परत देता आलं होतं. हिला कुठून देणार?

"हो, पोरी," ते म्हणाले. "आठवते मले. तूबी आत होती. चूक माझी होती, अन् ते मॅच मी आता तुले वापस नाही देऊ शकत."

 प्रेमिला ओठ आवळून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की उन्हाने चमकले हे देवरावांना कळलं नाही. पलीकडून रुपरावांनी तिला हाक मारली की इकडे ये, कागदावर कॅप्टनची सही पाहिजे. ती गेली. कागद हातात घेतला, वाचला, आणि सही न करता तो त्यांना परत दिला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "जया आउट नाही."

रुपरावांनी कागद पुन्हा तिच्यापुढे धरला. "काय बोलून राहिली वं तू? कप गेला ना आपला."

"गेला," प्रेमिला म्हणाली. "पन ते आत होती काका. अन् त्या साली मीबी आतच होती."

 कागद हातात धरून रुपराव तिथेच उभे राहिले, आणि भोवतीची कुजबुजही हळूहळू विरली. देवरावांनी मान खाली घालून मास्क पुन्हा तोंडावर चढवला. सामना संपला होता, पुढचा चेंडू पडणारच नव्हता, तरी जया जवळ येऊन बाबा म्हणेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.